दोन ते चारचा पहारा

आमच्या गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका पाडव्याच्या आसपास व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि मी ती खालून वर वाचतो. वर कीर्तनकारांचे फोटो, त्यांच्या नावाआधी दोन-दोन ओळींच्या उपाध्या, मग मृदंगाचार्य, गायनाचार्य, अन्नदाते, मंडपवाले, साउंडवाले. अगदी तळाला ‘समस्त गावकरी मंडळी’च्या जरा वर बारीक अक्षरांत एक ओळ असते : ‘विणेकरी व पहारेकरी – ग्रामस्थ.’ ते आम्ही. ज्यांचा फोटो नसतो ते.

गाव परभणी जिल्ह्यातलं. बाजाराला गंगाखेड, म्हणजे जनाबाईचं गाव. हनुमान जयंतीला आमची समाप्ती, त्यामुळे सातही दिवस ऐन चैत्रातले. दुपारी मंडपाच्या कापडाखाली भट्टी पेटल्यासारखं वाटतं. आमच्याकडं सप्ताह नाही असं गाव दाखवा म्हटलं तर अवघड आहे. कुणाचा रामनवमीला, कुणाचा श्रावणात, कुणाचा दत्त जयंतीला. भगवानगडाचा नारळी सप्ताह तर दरसाल गाव बदलतो आणि पुढच्या सालाचा नारळ ज्या गावाला मिळाला तिथली माणसं वर्षभर छाती काढून हिंडतात. गोदावरीतल्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाला पावणेदोनशे वर्षांची परंपरा. गावोगावच्या घरांतून भाकऱ्या येतात, आमटीच्या काहिली लागतात आणि लाखांची पंगत उठते. त्याच्यापुढं आमचा म्हणजे दर्या में खसखस. पण एक नियम तिथंही तोच, इथंही तोच. वीणा खाली ठेवायची नाही.

पहिल्या दिवशी सकाळी वीणापूजन होतं, कुणीतरी जाणता माणूस ती गळ्यात घालतो, आणि तिथून शेवटच्या दिवशीच्या काल्याच्या कीर्तनापर्यंत ती कुणा ना कुणाच्या गळ्यात वाजती राहते. जेवताना, पाऊस आला तर, लाइट गेली तर, गावात मयत झाली तरीसुद्धा. सात दिवसांचे १६८ तास. प्रहर तीन तासांचा धरला तर ५६ प्रहर होतात, पण तीन तास उभं राहणारे गुडघे गावात आता फारसे उरले नाहीत, म्हणून आमच्याकडं पहारा दोन तासांचा. म्हणजे ८४ पाळ्या. यादी लिहिणारे आमचे गुरुजी दरवर्षी न चुकता म्हणतात, “लक्ष चौऱ्यांशीचा फेरा चुकवायला निघालाव, आन् पहिल्या झटक्यात चौऱ्यांशीतच सापडलाव.” विनोद जुना झालाय. पण पहिल्यांदा मोजून पाहिलं तेव्हा मी एकटाच मोठ्यानं हसलो होतो, म्हणून ते मला बघूनच तो पुन्हा सांगतात.

यादी म्हणजे एक कार्डशीट, रेघा मारून मारुतीच्या देवळाच्या खांबाला चिकटवलेलं. संध्याकाळी सहा ते रात्री बाराची घरं चटकन भरतात. त्या वेळात हरिपाठ असतो, कीर्तन असतं, मंडप भरलेला असतो आणि चार माणसं बघतात. पहाटे चारचं घरही जातं, कारण काकडा, म्हणजे पहाटेची भजनं-आरती, सुरू होतो आणि काकड्याला एक वजन आहे. रिकामी राहतात ती दोन घरं : दुपारी बारा ते दोन, आणि रात्री दोन ते चार. गावाची खरी परीक्षा या दोन घरांत असते, कीर्तनाच्या गर्दीत नसते.

मी आठवीत होतो तेव्हा पहिल्यांदा माझ्या गळ्यात वीणा आली. दुपारचीच वेळ. डाव्या हातात चिपळ्या, उजव्या हाताची तर्जनी चार तारांवरून फिरवायची, भोपळा कमरेशी टेकलेला, तोंडानं ‘जय जय रामकृष्णहरि’. पंधरा मिनिटांत पट्टा मानेत रुतायला लागला. सकाळी घातलेला शेवंतीचा हार तोवर लिबलिबीत झालेला, त्याचा आणि बुक्क्याचा एकत्र वास. तेवढ्यात माझा आज्जा मंडपात आला, चप्पल काढली, सरळ माझ्यापुढं आला आणि वाकून माझ्या पायावर डोकं ठेवलं. ज्याच्या नुसत्या खाकरण्यानं घर गप्प व्हायचं, तो माणूस. मी दचकून दोन पावलं मागं सरलो. तो खालूनच पुटपुटला, “हालू नको. तुह्या पाया पडलो का म्या? इणंच्या पडलो.” संध्याकाळी घरी त्याच माणसानं बैल पाण्यावर न नेल्याबद्दल माझा कान पिळला. दोन्ही गोष्टी त्याला एकाच दिवशी जमल्या, याचं मला तेव्हा फार नवल वाटलं होतं.

वीणा बदलताना एक गंमत असते. येणारा समोर उभा राहतो, दोघं वाकून एकमेकांच्या पायांना हात लावतात, मग पट्टा एका मानेतून निघून दुसरीत जातो. आणि जाणाऱ्याचं बोट तारेवरून निघायच्या आत येणाऱ्याचं बोट पडलं पाहिजे. क्षणभर चार तारांवर दोन माणसांची बोटं असतात. गुरुजी या क्षणाचा राजकारणासारखा उपयोग करतात. गावात दोन चुलतभाऊ आहेत. बांधावरून कोर्टात गेलेले. एकमेकांच्या घरी मयतीशिवाय जात नाहीत. यादीत मात्र दरसाल त्यांची घरं एकाखाली एक. दहा ते बारा हा, बारा ते दोन तो. पहिल्या साली धाकट्यानं कुरकुर केली तर गुरुजी म्हणाले, “चुकून पडलं बाबा. आता खाडाखोड केली तर कागद घाण दिसंल.” दोघं वाकतात, पाया पडतात, पट्टा बदलतात, आणि एकमेकांकडं न बघता आपापल्या वाटेनं जातात. आता कुणी म्हणेल, यातून हळूहळू त्यांचं मन वळलं असेल. अजिबात नाही. तारखा चालूच आहेत. पण वर्षातून एकदा थोरला धाकट्याच्या पायाला हात लावतो, आणि सगळं गाव तेव्हा मुद्दाम दुसरीकडं बघत असतं.

बायकांचं तसंच झालं. पारायणाला आमच्याकडं आधीपासून बायकाच जास्त बसतात. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या, एकट्या अठराव्या अध्यायाच्या १८१०. पाठीचा काटा ढिला होतो. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं. ती पोथी मांडीवर उघडून बसायची आणि शेजारणीचं पान उलटल्याचा आवाज आला की आपलं उलटायची. बहुतेक वेळा पान बरोबर असायचं; कधी दोन चिकटलेली एकदम उलटली जायची, मग ती पुढं जाऊन बाकीच्यांची वाट बघायची. पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि यात कुणी आपली ओवी घालू नये असं बजावून ठेवलं. आजीनं ओवी नाही घातली. तेराव्या अध्यायात हळदीच्या बोटाचा ठसा घातला, तो अजून आहे.

तर एवढ्या पोथ्या वाचणाऱ्या बायकांना वीणा मात्र नाही, असा आमच्याकडं रिवाज. का, याला उत्तर नव्हतं, रिवाजाला नसतंच. जनाबाईच्या गावापासून इतक्या जवळ राहून हे आम्हाला कधी खटकलंही नाही. मग एका साली हळद उशिरा निघाली. पुरुष शिजवणीवर आणि पॉलिशवर, पोरं पुण्याला कंपनीत. दुपारचे बारा वाजून गेले. दहाच्या पहाऱ्याचे आप्पा घामानं निथळत उभे, पुढचा येईना. मंडपात पंधरा-वीस बाया नि दोन म्हातारे. थोरली काकू उठली. आप्पा म्हणाले, “वैनी, आपल्यात नाही चालत.” काकू म्हणाली, “मंग खाली ठिवता का?”

झालं. यावर आप्पांकडं काय असणार? पट्टा बदलला. रात्री कमिटीची बैठक बसली, दोघं-तिघं बरंच बोलले, शास्त्र निघालं. शेवटी कुणीतरी विचारलं, की बरं, उद्या बारा वाजता कोण येतो ते सांगा. कुणीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी खांबावरच्या कार्डशीटवर बारा ते दोनच्या सातही घरांत गुरुजींच्या वळणदार अक्षरात ‘महिला मंडळ’ लिहिलेलं होतं. काल होऊन गेलेल्या दिवसाच्या घरातसुद्धा. आणि त्या चुलतभावांना एक घर वर सरकवलं होतं, आठ ते दहा नि दहा ते बारा. मी गावातल्या पुरोगामी म्हणवणाऱ्या मंडळींची भाषणं ऐकली आहेत, स्वतः एक-दोन ठोकली आहेत. काकूच्या चार शब्दांनी झालं ते त्यांनी झालं नव्हतं.

२०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या साली आमच्याकडंही टँकरवर भागत होतं. पंगती बंद केल्या. एरवी काल्याला बुंदी, वरण, पुरी, वांग्याची भाजी, हजार-बाराशे पान. त्या साली ठरलं की ज्यानं त्यानं घरून भाकरी बांधून आणायची आणि तांब्याही घरचाच भरून आणायचा. एका चादरीवर सगळ्या भाकऱ्या ओतल्या, मिसळल्या, परत वाटल्या. माझ्या वाट्याला जी आली ती करपलेली होती, आणि शेजारी बसलेला हळूच म्हणाला, “ही आमच्या घरची.” पहारे त्याही साली ८४च झाले. २०२०ला मात्र मंडपच पडला नाही, वीणा गाभाऱ्यातल्या खुंटीला राहिली. त्या सालाबद्दल गावात कुणी फार बोलत नाही.

हे सगळं गोड गोड लिहितोय खरं, पण तक्रारीही आहेत. भोंगे. आमचा हरिपाठ शेजारच्या गावाला ऐकू जातो, त्यांचा आम्हाला, आणि मधल्या शेतातल्या माणसाला दोन्हींची खिचडी. बॅनरवर विठ्ठलापेक्षा पुढाऱ्याचा चेहरा मोठा. कीर्तनकाराच्या बिदागीचे आकडे ऐकले की वर्गणी देणाऱ्या सालगड्याकडं बघवत नाही. कीर्तनात सासू-सुनांचे विनोद इतके, की अभंगाचं दुसरं चरण यायच्या आत काल्याची वेळ होते. गुरुजींना म्हटलं तर ते म्हणतात, “लोक त्यासाठीच येतेत. येऊ दे. त्यातला एखादा रातच्याला थांबतो.”

मी आता संभाजीनगरला असतो, बँकेत. दरसाल दोन दिवसांची रजा काढून जातो आणि दोन ते चार रात्रीचं घर घेतो. म्हणजे घेतो कसलं, उरलेलं असतं. गेल्या खेपेला एक वाजता भजनी मंडळ आटोपलं, साउंडवाला मशीनवर टॉवेल टाकून झोपला. मंडपात सतरंज्यांवर पोरं, म्हातारे, एक कुत्रं. दोन वाजता मी पट्टा घेतला. सोबतीला टाळ घेऊन दोघं होते. अडीचला एकाचे टाळ हातातच थांबले, मान छातीवर. दुसरा लघवीला म्हणून गेला तो गेलाच. उरलो मी आणि एक ट्यूबलाइट, तिच्याभोवती पाखरं. अशा वेळी फार उच्च विचार येतात म्हणतात. मला गृहकर्जाचा हप्ता आठवला, मग मानेत कळ आली, मग चहाची इच्छा झाली. मध्येच तोंडानं नाव चालू आहे की थांबलं, हे मलाच कळेना, पण बोट फिरत होतं. तीनच्या सुमाराला एक म्हातारी उठली, पाणी प्यायली, पदर डोक्यावर घेतला, येऊन माझ्या पाया पडली आणि परत जाऊन झोपली. डोळे बहुतेक उघडले नव्हतेच.

चार वाजले. काकड्याची मंडळी आली, समया लागल्या. पण माझा बदली नाही. सव्वाचार. माझी नजर सारखी वेशीकडं. साडेचारला एक पोरगा धावत आला, बी.ए.ला असलेला, केस ओले, सदरा उलटा.

“काका, गजर झाला होता. मीच बंद केला.”

“आधी सदरा नीट कर.”

“राहू द्या काका, द्या लवकर.” तो वाकला, मी वाकलो, माझी कंबर खालीच अडकली आणि त्यानं दंडाला धरून मला वर घेतलं. त्याचं बोट तारेवर पडलं. मी बाजूला होऊन त्या कुत्र्याच्या शेजारी सतरंजीवर आडवा झालो. काकड्याचं पहिलं पद कानावर आल्याचं आठवतं, दुसरं नाही.

परवा गुरुजींचा फोन आला. पाडव्याला अजून महिना आहे. तब्येत, पोरांच्या परीक्षा, पाऊसपाणी झालं. मग म्हणाले, “कागद आणलाय या वर्षीचा. तुला दोन ते चार टाकू का?”

मी म्हटलं, “गुरुजी, एखाद्या वर्षी संध्याकाळचं काही बघा की.”

“बघतो,” म्हणाले. पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला. “दोन ते चार लिहिलं बघ.”