न्युर्बुर्गरिंगला जाऊन आलो: दोन गाड्या आणि गिअर ऑइलचा हिशेब

स्टुटगार्टहून न्युर्बुर्गरिंग, म्हणजे जर्मनीतला प्रसिद्ध रेस ट्रॅक, साधारण ३०० किलोमीटर. ए८१ ने हाइलब्रॉन, तिथून ए६ ने हॉकेनहाइमच्या बाजूला, मग ए६१ धरून उत्तरेकडे आणि वेअरच्या एक्झिटला उतरून बी४१२ ने आयफेलच्या डोंगरात. शुक्रवारी दुपारी निघालात तर हाइलब्रॉनपाशी लटकाल, म्हणून सकाळीच निघा. रस्त्याबद्दल एवढं पुरे. या सहलीतलं लिहिण्यासारखं बरंच काही निघायच्या आदल्या आठवड्यात, गाडीखाली आडवं पडून झालं.

गाड्या दोन. माझी २००४ सालची सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स, दोन लिटर टर्बो, पाच गिअरची. मित्राची माझदा एमएक्स-५, दुसऱ्या पिढीतली, सहा गिअरची. मागच्या डिफरन्शियलमध्ये (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा संच) त्याने बाहेरून घेतलेला, क्लच प्लेट्सवाला लिमिटेड स्लिप (एकच चाक फुकट फिरू नये म्हणून) बसवलाय. मित्र मूळचा सांगलीचा, घरी ट्रकचं गॅरेज. त्याचा पहिला प्रस्ताव असा: "अरे, पाच लिटरचा एकच कॅन घेऊ आणि दोन्ही गाड्यांत सगळीकडे तेच ओतू. आमच्याकडे गिअरबॉक्सपासून हौसिंगपर्यंत सगळ्याला नव्वद नंबरच जायचं."

नव्वद नंबर म्हणजे ईपी ९० हे गिअर ऑइल, आणि हौसिंग म्हणजे मागचं डिफरन्शियल. ट्रकला ते चालून गेलं असेल, पण आमच्या दोन गाड्यांत मिळून गिअरांची चार खोकी होती आणि प्रत्येकात वेगळं कुटुंब राहत होतं. कोणता ब्रँड भारी यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. त्याआधी खोक्यात नक्की काय आहे ते बघावं: हायपॉइड गिअर आहेत का, पितळी सिंक्रो रिंगा आहेत का, तेलात बुडालेल्या क्लच प्लेट्स आहेत का. या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की दुकानातले नव्वद टक्के डबे आपोआप बाद होतात.

डिफरन्शियलपासून सुरुवात करू. मागचं चाक फिरवणारा क्राउन-पिनियन (मोठं दातेरी चक्र आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर) हायपॉइड असतो, म्हणजे पिनियन क्राउनच्या मध्यरेषेपासून खाली सरकवून बसवलेला असतो. त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात. नुसत्या तेलाचा थर त्या दाबाला टिकत नाही. म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं घालतात. दाते तापले की ही रसायनं पोलादाच्या पृष्ठभागावर एक पातळ थर धरतात आणि पोलादाऐवजी तो थर झिजतो. ही रसायनं भरपूर असलेलं तेल म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) प्रतवारीतलं जीएल-५. जीएल-४ मध्ये त्यांचं प्रमाण साधारण निम्मं असतं. हायपॉइड डिफरन्शियलला जीएल-५ च लागतं, तिथे चर्चेला जागा नाही.

गिअरबॉक्सचं गणित उलटं आहे. सिंक्रो रिंग पितळेची असते आणि तिचं कामच घर्षणाचं: गिअर पडण्याआधी त्याला ब्रेक लावून वेग जुळवायचा. फार निसरडं तेल असेल तर रिंग पकड घेत नाही आणि गिअर टाकताना खर्र होतं. शिवाय गंधक सक्रिय रूपात असेल तर तापलेल्या तेलात पितळ खातं. हल्लीच्या चांगल्या जीएल-५ तेलांत हा दुसरा धोका बराच कमी केलेला असतो. पहिला, निसरडेपणाचा, अजूनही राहतोच. म्हणून गिअरबॉक्स वेगळा असेल तर माझं मत जीएल-४ च्या बाजूने. माझदाच्या पुस्तकाप्रमाणे त्या गिअरबॉक्सला जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही चालतात, तरी आम्ही रेड लाइनचं एमटी-९० घातलं. ते ७५डब्ल्यू-९० (हा जाडीचा आकडा, त्याबद्दल पुढे), जीएल-४ आहे. सहा गिअरच्या या बॉक्सला थंडीत दुसरा गिअर जड जायची खोड आहे आणि ती कमी झाली, हे मित्रानेही मान्य केलं. त्याच्याकडून असं काही वदवून घेणं सोपं नाही.

मग माझ्या सुबारूतही तेच का नको? कारण चारही चाकांना ताकद देणाऱ्या या गाडीत गिअरबॉक्स आणि पुढचं डिफरन्शियल एकाच खोक्यात, एकाच तेलात बसलेलं आहे. साडेतीन लिटर तेल सिंक्रोंनाही पुरवायचं आणि पुढच्या हायपॉइड क्राउन-पिनियनलाही. त्यामुळे सुबारू जीएल-५ सांगते. 'गिअरबॉक्सला जीएल-४ चांगलं' हे अर्धंच ऐकून सुबारूत जीएल-४ ओतणारे लोक आहेत. गिअर लोण्यासारखे पडतात म्हणून ते खूश असतात आणि तिकडे पुढचा पिनियन बिचारा मुकाट झिजत असतो. इथे हवं ते सिंक्रोंना सांभाळून घेणारं जीएल-५. मी मोतुलचं गिअर ३०० घेतलं. डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही छापलेलं असतं, पण असा डबा दिसला की ते जीएल-५ च समजायचं.

सुबारूच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये फक्त ०.८ लिटर मावतं. त्यात लिमिटेड स्लिप आहे, पण व्हिस्कस, म्हणजे घट्ट द्रवावर चालणाऱ्या, प्रकारचा. त्याचं सिलिकॉन द्रव आत बंद असतं, बाहेरच्या तेलाशी त्याचा संबंध नाही. मधल्या डिफरन्शियलच्या व्हिस्कस कपलिंगचंही तसंच. म्हणजे साधं जीएल-५ ७५डब्ल्यू-९० पुरे, 'एलएस' (लिमिटेड स्लिप) लिहिलेल्या डब्याला जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही. टॉर्सन, म्हणजे प्लेट्सऐवजी गिअरांचा लिमिटेड स्लिप, असेल तरीही नाही. तो गिअरांच्या घर्षणावरच चालतो, त्यात निसरडेपणा वाढवून उलट नुकसान.

मित्राच्या प्लेट्सवाल्या डिफरन्शियलचा हट्ट मात्र वेगळा. पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग कापून हळू वळलं की मागून गुरगुर आणि धक्के. प्लेट्स अडखळत सुटतात त्याचा तो आवाज. त्यासाठी फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेट्सची पकड मवाळ करणारं रसायन) लागतो. एलएस लिहिलेल्या तेलात तो आधीच मिसळलेला असतो, वरून आणखी बाटली ओतायची नाही. तो जास्त झाला तर प्लेट्स घसरतात आणि दोन्ही चाकं जोडून धरणाऱ्या ज्या लॉकसाठी पैसे घातले तोच मिळत नाही. थोडी गुरगुर राहिली तर राहू द्यावी. मित्राला एलएस प्रकारचं ७५डब्ल्यू-१४० घ्यायचं होतं, कारण 'रेसिंगला जाड तेल'. मी अडवलं नाही. त्याचं डिफरन्शियल लहान आहे, त्यात लिटरभरच तेल मावतं आणि ते लवकर तापतं.

आकड्यांबद्दल थोडं सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. इंजिन ऑइलचे आणि गिअर ऑइलचे आकडे एका पट्टीवरचे नाहीत. गिअर ऑइलचं ९० म्हणजे १०० अंश सेल्सिअसला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (द्रवाच्या घट्टपणाचं एकक). इंजिन ऑइलच्या भाषेत ते ४० किंवा ५० इतकंच जाड. १४० म्हणजे मात्र २४ च्या वर. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा: ७५डब्ल्यूची परीक्षा उणे ४० अंशांना होते, ८०डब्ल्यूची उणे २६ ला आणि ८५डब्ल्यूची उणे १२ ला. मी माझ्या गाडीत ७५डब्ल्यू-९० च ठेवलं. कारण साधं आहे. ३०० किलोमीटर जायचं, थोडे लॅप मारायचे आणि त्याच गाडीने सोमवारी ऑफिसला जायचं. जाड तेल गरम असताना थर चांगला धरतं, पण उरलेला वेळ ते घुसळण्यातच ताकद जाते.

आयफेलमध्ये ऑक्टोबरची पहाट शून्याच्या आसपास असते. हॉटेलच्या अंगणात काचेवरचं दहिवर खरवडून निघालो. गिअरबॉक्सचं तेल इंजिनाच्या खूप मागून तापतं, हे इथे नीट कळतं. पाण्याचा काटा जागेवर आला म्हणजे गाडी तयार झाली असं नाही. ट्रॅकजवळच्या आडेनाऊ गावापर्यंतचा आणि परतीचा रस्ता आरामात, गिअर न रगडता चालवा. पंधरा-वीस मिनिटं दिलीत की दुसरा गिअर स्वतःच सांगतो.

नॉर्डश्लाइफ, म्हणजे न्युर्बुर्गरिंगचा जुना लांब ट्रॅक, १९२७ साली सुरू झाली, आजची लांबी २०.८३२ किलोमीटर. सर्वात खालचा भाग ब्राइडशाइडला, वरचा होहे आख्टला, दोन्हींत जवळपास ३०० मीटरचा फरक. म्हणजे ब्राइडशाइडनंतर गाडी बराच वेळ चढावर जोर लावत असते आणि शेवटी ड्योटिंगर ह्योहेच्या लांबलचक सरळ पट्ट्यावर टॉप गिअरमध्ये सलग वेग. डिफरन्शियल याच दोन जागी तापतं. एक लॅप झाला की पुढच्या लॅपला लगेच पळू नका. एक लॅप हळू चालवा किंवा पार्किंगमध्ये अर्धा तास थांबा. ड्योटिंगर ह्योहेच्या पेट्रोल पंपावर खेळण्यातल्या गाड्यांचं प्रचंड दुकान आहे, तिथे तो अर्धा तास कसा जातो कळत नाही, खिसा मात्र हलका होतो.

हौशी लोकांसाठी ट्रॅक उघडा असतो तेव्हा ती रेस नसते. कायद्याने तो एकेरी, टोलचा रस्ता. डावीकडूनच ओव्हरटेक करायचं, आरशात कुणी वेगात येताना दिसलं की उजवीकडे राहायचं. वेळ मोजायची बंदी आहे. विमा कंपन्या बहुतेक वेळा या ट्रॅकवरचं नुकसान वगळतात, कागद वाचूनच जा. रेलिंग तोडलंत तर बिल तुम्हाला. तेल सांडलंत तर साफसफाईचं बिलही तुम्हालाच, आणि मागून येणारा मोटरसायकलवाला त्यावरून घसरला तर पैशाने न भरणारं काहीतरी होऊ शकतं. तेल गळतंय अशी शंका आली की 'एक्झिटपर्यंत नेतो' म्हणायचं नाही. उजवीकडे रस्त्याबाहेर घ्या, रेलिंगच्या पलीकडे उभे राहा आणि फोन करा.

म्हणूनच घरी केलेल्या कामात तेलाइतकंच महत्त्व तेल भरायच्या-काढायच्या प्लगना होतं. आधी भरायचा प्लग सोडवायचा, नंतरच खालचा. वरचा गंजून बसला असेल आणि खालून तेल काढून मोकळे झालात, तर गाडी जागेवरून हलत नाही. वॉशर दरवेळी नवे. माझ्या गिअरबॉक्सच्या प्लगला टॉर्क्स टी-७० (ताऱ्याच्या आकाराचा पाना) लागतो आणि मागच्या डिफरन्शियलच्या प्लगांना अर्ध्या इंचाचा चौकोनी ड्राइव्ह थेट बसतो. टी-७० घरच्या पेटीत सहसा नसतो, आधी मागवून ठेवा. तेल वाजवीपेक्षा जास्त भरू नका. तापून फुगलं की ते ब्रीदरमधून, म्हणजे हवा सुटायच्या वाटेने, बाहेर येतं आणि तापलेल्या एक्झॉस्टवर पडून धूर होतो. सुबारूत डिपस्टिक आहे, सपाट जागेवर तपासा. ज्या खोक्यात डिपस्टिक नाही तिथे भोकाच्या काठापर्यंत तेल आलं की थांबायचं.

पार्किंगमध्ये फोक्सवॅगन गोल्फ आर घेऊन आलेला एकजण आमचे डबे बघून विचारत होता की त्याने कोणतं घ्यावं. डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगनचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, असणाऱ्यांनी या सगळ्यात पडूच नये. सहा गिअरच्या ओल्या क्लचच्या डीएसजीत क्लच आणि गिअर एकाच तेलात असतात. त्याला फोक्सवॅगनच्या ठरलेल्या स्पेसिफिकेशनचंच तेल लागतं, दर ६०,००० किलोमीटरला फिल्टरसकट. मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या हॅल्डेक्स कपलिंगचं तेल आणखी वेगळं. कोरड्या क्लचच्या सात गिअरवाल्या डीएसजीसाठी तर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावून सिंथेटिक तेल काढलं आणि मिनरल घातलं. सिंथेटिक म्हणजे नेहमीच वरचढ, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पुण्या-मुंबईहून कोइम्बतूरच्या करी स्पीडवेला किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला जाणाऱ्यांना ७५डब्ल्यूसाठी जीव टाकायची गरज नाही. उणे तापमान तिथे नसतंच, ८०डब्ल्यू-९० चालून जातं. जीएलचा आकडा मात्र पक्का बघा. गॅरेजमध्ये 'ईपी ९० टाकलंय' म्हणाले तर डब्याची मागची बाजू वाचा. त्या नावाखाली जीएल-४ ही विकलं जातं.

परत आल्यावर मित्राच्या डिफरन्शियलचं तेल काढून बघितलं. रंग गडद, जळका वास नाही, प्लगच्या लोहचुंबकावर करड्या मलमासारखा थर. हे ठीक आहे. चुंबकावर टोचणारे कण किंवा दात्याचा तुकडा निघाला तर गाडी उभी करायची. गिअरबॉक्सच्या तेलात सोनेरी चमक दिसली तर ते सिंक्रोंचं पितळ समजायचं. माझ्या गाडीचं तेल मी बदललं नाही, पुढच्या हंगामाआधी बघेन.

काढलेलं तेल पुन्हा त्याच रिकाम्या डब्यांत भरा. जर्मनीत गिअर ऑइल विकणाऱ्या दुकानाला, तुम्ही घेतलं तेवढं वापरलेलं तेल फुकट परत घ्यावं लागतं, ऑनलाइन विकणाऱ्यांनाही. त्यासाठी बिल जपून ठेवा आणि त्या डब्यात ब्रेक ऑइल किंवा कूलंट मिसळू नका, मिसळलेलं तेल घेत नाहीत.