सोलापूरहून बांद्र्याच्या स्ट्रीटवेअर दुकानात: काय पाहावं, काय विचारावं

बांद्र्यातली ही स्ट्रीटवेअरची, म्हणजे ढगळ्या टी-शर्टांची, हूडींची आणि बुटांची दुकानं अकरा-बाराच्या आत उघडत नाहीत. सोलापूरहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघालं, की सकाळीच दादर येतं. मधले चार-पाच तास कुठे काढायचे, हे घरून ठरवून निघा. वंदे भारतनं सकाळी निघालं तर मुंबईत पोचेपर्यंत दुपार होते, आणि त्याच दिवशी परतायचं असेल तर दुकानासाठी फार थोडा वेळ उरतो. म्हणून जाताना सिद्धेश्वर आणि येताना वंदे भारत हाच क्रम मला सोयीचा वाटला. परतीची वंदे भारत सीएसएमटीहून दुपारी चारनंतर सुटते आणि रात्री साडेदहाच्या पुढे सोलापुरात पोचवते. आठवड्यातून एक दिवस ती धावत नाही, तेव्हा तारीख पक्की करण्याआधी वेळापत्रक पाहा.

सोबत मामेभाऊ होता. बुटांचा आणि टी-शर्टांचा त्याला भारी नाद. कुठल्या कंपनीचा माल कधी येणार, हे त्याला तोंडपाठ असतं. मला ओढ होती ती कापडाची. आमच्या घरी टेरी टॉवेलचे माग आहेत, त्यामुळे चार हजारांच्या टी-शर्टात नेमकं काय असतं ते हातात धरून पाहायचं होतं.

दादरला वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन, कपडे बदलून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर या आणि बोरिवली किंवा विरारकडे जाणारी धीमी लोकल पकडा. माटुंगा रोड, माहीम आणि मग बांद्रा. सकाळी गर्दीचा लोंढा चर्चगेटकडे असतो, त्यामुळे उलट दिशेला बसायलाही जागा मिळते. नाश्ता दादर पश्चिमेलाच उरका, बांद्र्यात तो महाग पडतो. बांद्र्याला पश्चिमेच्या बाजूनं बाहेर पडलं की रिक्षा मिळते. मीटरचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे. मीटर टाकायला लावा.

उरलेला वेळ आम्ही चॅपल रोडवर काढला. रानवर गावठाणाच्या आसपास जुन्या बंगल्यांच्या आणि घरांच्या भिंतींवर मोठमोठी चित्रं आहेत. स्ट्रीटवेअर पाहायला निघालेल्या माणसानं आधी या गल्लीत फिरावं असं मला मनापासून वाटतं, कारण कपड्यांवरची ठसठशीत अक्षरं आणि भडक रंग भिंतींवरच्या या चित्रांचेच सगेसोयरे आहेत. लोक तिथे राहतात, दारासमोर उभं राहून तासभर फोटो काढू नका.

दुकानाचं नाव देत नाही. या भागात अशी बरीच दुकानं आहेत आणि ती जागाही बदलतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी पत्ता आणि वेळ पुन्हा तपासा. आत शिरताच डोळ्यांत भरतो तो मोकळेपणा. आपल्या नवी पेठेत जेवढ्या जागेत दोनशे शर्टांच्या घड्या रचलेल्या असतील, तेवढ्यात इथे पाच-सहा हूडी टांगलेल्या. भिंतीवर बुटांची एकेरी रांग, प्रत्येकाचा एकच पाय. पाठीवरची बॅग काउंटरपाशी ठेवायला सांगतात. कोणी मागे लागत नाही. विचारलं तर मात्र दुकानातली मुलं भरभरून बोलतात, आणि मराठीतही बोलतात.

माल थोडा का ठेवतात, हे मामेभावानं मला गाडीतच समजावलं होतं. न्यूयॉर्कच्या लाफायेत स्ट्रीटवर जेम्स जेबिया यांनी १९९४ मध्ये ‘सुप्रीम’ हे कपड्यांचं दुकान सुरू केलं ते स्केटबोर्डवाल्या पोरांसाठी. त्याच्या वर्षभर आधी, १९९३ मध्ये, टोकियोच्या हाराजुकू भागात निगो यांनी ‘बेप’ हा कपड्यांचा ब्रँड काढला होता. दोघांनी माल मोजकाच काढला. सुप्रीमचा नवा माल गुरुवारी येतो आणि त्या दिवशी रांगा लागतात, यालाच ड्रॉप म्हणतात. आपल्याकडे ‘व्हेजनॉनव्हेज’ हे बुटांचं दुकान दिल्लीत २०१६ मध्ये सुरू झालं आणि बुटांसाठी रांगेत उभं राहण्याची हवा इथेही आली. आता बऱ्याच ठिकाणी रांगेऐवजी फोनवर नाव नोंदवून सोडत काढतात. म्हणून ठरावीक बूटच हवा असेल तर सोडतीत नाव लागल्याशिवाय सोलापूर सोडू नका. नुसतं पाहायचं असेल तर ड्रॉपचा दिवस आणि शनिवार-रविवार टाळा. आम्ही कामाच्या दिवशी गेलो, म्हणून सगळं निवांत हाताळता आलं.

आता कापड. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला.

टी-शर्ट हातात घेतला की आधी वजन जाणवतं. बाजारातला साधा टी-शर्ट १६०-१८० जीएसएमचा असतो, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन तेवढे ग्रॅम. इथले २४० आणि त्यावरचे होते. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, बाही रुंद, गळ्याची रिब, म्हणजे ताणली जाणारी पट्टी, जाड आणि आवळ. तो खांद्यांना धरून समोर लटकवा आणि बाजूची शिवण पाहा. ती तिरकी पोटाकडे वळत असेल तर कापड धुण्यात पिळणार. आतून मानेच्या मागे खांद्यापासून खांद्यापर्यंत पट्टी लावलेली आहे का, खालची दुमड दोन सुयांनी शिवली आहे का, तेही बघा. मी चार-पाच टी-शर्ट असे उलटे करून पाहिले, दुकानातल्या मुलाची हरकत नव्हती. उलट तो स्वतःच आणखी दोन घेऊन आला.

हूडी उलटी केली आणि मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. आत लूप! याला फ्रेंच टेरी म्हणतात. आमच्या टॉवेलात मागावर दोन बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले रूळ असतात, एक ताणलेला आणि एक सैल. फणीचा पुरा ठोका बसला की सैल सूत वर उचललं जातं आणि त्याचा लूप होतो. हूडीचं कापड विणलेलं नसून होजिअरीच्या यंत्रावर गुंफलेलं असतं, त्यामुळे ते ताणलं जातं आणि लूप फक्त आतल्या बाजूला राहतात. काम तेच: घाम शोषायचा, अंगाला मऊ लागायचं. कापड कुठलं असं विचारलं तर मुलगा म्हणाला, “तिरुपूरचं, ताई. आणि तुम्ही कुठले?” सोलापूर म्हटल्यावर तो लगेच म्हणाला, “चादर!”

तो हे म्हणाला तेव्हा माझ्या हातात जॅकार्ड विणीचं एक जॅकेट होतं. जाड सुती कापड, दोन रंग, उलट बाजूला तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन आलेली. सोलापुरी चादर हेच करते. किंमत अशी, की तेवढ्यात घरभर चादरी येतील. मला ती किंमत लुटारू वाटली नाही. बाही कशी लावली आहे, नक्षी दोन्ही खिशांवर कशी जुळवली आहे, कॉलर कशी बसते, यात कोणीतरी जीव ओतला होता. आपल्याकडे जॅकार्डचे माग आहेत, जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली चादर आणि टेरी टॉवेल आहे, देशभर गणवेश पुरवणारे शिवणकामाचे कारखाने आहेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळाला, त्या जिल्ह्यांतही सोलापूर आहे. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये त्याच घाटाच्या चपला दिसल्या आणि केवढा गदारोळ झाला! असं जॅकेट सोलापुरात कापून, सोलापुरात शिवून या दुकानात टांगलेलं मला बघायचं आहे. गणवेशाच्या किंवा चादरीच्या धंद्यातल्या प्रत्येकानं एकदा तरी इथे येऊन कपडे उलटे करून पाहावेत, ते यासाठी.

छपाईबद्दल थोडं. फुगीर लागते ती पफ प्रिंट, शाईत गरम केल्यावर फुगणारं रसायन असतं. प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटवल्यासारखी लागत असेल आणि ताणल्यावर चकाकत असेल तर ती बहुतेक डीटीएफ, म्हणजे फिल्मवर छापून उष्णतेनं कापडावर चिकटवलेली. एवढे पैसे मोजताना मी तरी स्क्रीन प्रिंटच घेईन.

बुटांचं मामेभावाला जास्त कळतं. त्याचा सल्ला असा: स्वच्छ मोजे घालून जा, दोन्ही पाय घालून चालून पाहा आणि माप यूकेचं आहे की यूएसचं ते विचारा. खोक्यावरचा स्टाइल कोड, बुटाच्या जिभेमागचा कोड आणि बिलावरचा कोड एकच हवा. दुर्मीळ जोड एमआरपीच्या कितीतरी वर विकले जातात, तो पुनर्विक्रीचा भाव असतो. नव्या मालाला मात्र एमआरपीतच कर धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांना आणि बुटांना ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे. बिलात तो एमआरपीच्या वर वेगळा लावला असेल तर तिथेच विचारा.

आम्ही दोन टी-शर्ट घेतले. मामेभावाचा जीव ४०० जीएसएमच्या हूडीवर होता, पण सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो. तसली हूडी जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपुरती बाहेर निघणार. आपल्या हवेला २४० चा ढगळा टी-शर्ट पुरे, त्यात वाराही खेळतो. हे कपडे मुळातच ढगळे कापलेले असतात, त्यामुळे नेहमीचं माप घालून झाल्यावर एक माप लहानही घालून पाहा.

अदलाबदलीचे नियम पैसे देण्याआधी विचारा. बहुतेक ठिकाणी टॅग न काढलेला, न वापरलेला कपडाच बदलून देतात, आणि त्यासाठी पुन्हा मुंबई गाठणं आपल्याला परवडत नाही. कुरिअरनं बदलून देतात का, खर्च कोणाचा, किती दिवसांत, हे बिलाच्या मागे लिहून घ्या. आमच्या बिलावर त्या मुलानं दुकानाचा नंबरही लिहून दिला.