गाठ कापून टाकायची की अख्खी?

१४ मार्च २०२०, शनिवार

कमिटीची मीटिंग आज पॅथॉलॉजी लॅबमध्येच उरकली. सोमवारी पुण्यात कोरोनाचे पहिले दोन पेशंट सापडले, तेव्हापासून फोन थांबायला तयार नाही. स्तनाच्या कॅन्सरवरची आमची वार्षिक सभा १८-१९ एप्रिलला. टिळक रोडचा हॉल ठरलेला, बॅनर छापायला टाकलेला. सर म्हणाले, "मे अखेरीस घेऊ, तोवर निवळेल." मीही मान डोलावली. खजिनदारांना हॉलच्या डिपॉझिटची काळजी. हॉलवाल्यांनी फोन उचलला नाही.

केटररनं मात्र पहिल्या रिंगला उचलला. "मॅडम, आगाऊ घेतलेले तेवढे परत मागू नका." नाही मागितले.

२५ मार्च, बुधवार, पाडवा

गुढी उभारली. कडुलिंब खालच्या झाडाचाच. श्रीखंडाऐवजी शिरा. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

१९ एप्रिल, रविवार

आज सभेचा दुसरा दिवस असता. त्याऐवजी लॅबमध्ये एकटीच होते, सोबतीला पासवाला एक टेक्निशियन.

एका तालुक्याच्या गावाहून पार्सल आलं. एरवी एसटीनं दुसऱ्या दिवशी येतं, एसटी बंद. गाठ काढून आठ दिवस झालेले. टॉनिकची अरुंद तोंडाची बाटली, तीत गाठ कोंबलेली आणि वर चमचाभर फॉर्मलिन, पेशी सडू नयेत म्हणून घालतात ते. आत मऊ असताना गेली असणार, आता टणक झाल्यावर बाहेर येईना. शेवटी बाटली फोडली.

सुरी फिरवली तर कडेची बोटभर जागा करडी, घट्ट, आणि आत गुलाबट लगदा. फॉर्मलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं. अख्खी गाठ बुडवून ठेवली तर ते मध्यापर्यंत पोचायच्या आधीच मधला भाग सडायला लागतो. नियम साधा आहे: काढल्यापासून तासाभरात फॉर्मलिनमध्ये, आणि मग किमान सहा तास, जास्तीत जास्त बहात्तर.

तरी ईआर लावून पाहिलं, म्हणजे पेशींत इस्ट्रोजेन हार्मोनचे रिसेप्टर आहेत का ते दाखवणारा रंग. असतील तर हार्मोनच्या गोळ्या लागू पडतात. रंग नाही. निगेटिव्ह लिहिणार, इतक्यात ट्यूमरच्या शेजारच्या निरोगी दुधाच्या नळ्यांकडे लक्ष गेलं. त्यांच्यात काही पेशी तरी रंगायलाच हव्यात. एकही रंगली नव्हती. म्हणजे हा निगेटिव्ह ट्यूमरचा नव्हे, बाटलीचा. मी निगेटिव्ह लिहिलं असतं तर त्या बाईला टॅमॉक्सिफेन मिळालंच नसतं. रोजची एक गोळी, स्वस्तातली, पाच-दहा वर्षं घ्यायची.

आधीच्या सुईच्या बायोप्सीचा ब्लॉक, मेणात जपलेला तुकडा, आहे का म्हणून फोन केला. बायोप्सी केलीच नव्हती. "तपासणी ग्राह्य नाही" असं लिहून रिपोर्ट पाठवला. आता तिकडे कुणीतरी माझ्या नावानं बोटं मोडत असेल.

१ जून, सोमवार

काल रात्री उशिरापर्यंत जागले. शिकागोत दरवर्षी भरणारी अस्कोची, म्हणजे अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेची, सभा यंदा स्क्रीनवर. चाळीसएक हजार माणसं जमतात तिथं, मी एकदाच गेले होते, आणि सगळ्यात जास्त आठवतात त्या दुखऱ्या टाचा. काल गाऊनवर, मांडीवर उशी घेऊन ऐकलं.

डॉ. सीमा खान यांनी ई-२१०८ नावाचा अभ्यास मांडला. निदानाच्या वेळीच कॅन्सर शरीरात पसरलेला असेल, तर स्तनातली मूळ गाठ काढल्यानं आयुष्य वाढतं का? २५६ बायका, अर्ध्यांना औषधांबरोबर शस्त्रक्रिया, अर्ध्यांना नुसती औषधं. तीन वर्षांनी जगलेल्यांचं प्रमाण ६८.४ आणि ६७.९ टक्के. फरक नाही. प्रश्नोत्तरं ऐकताना मनात आलं, हे तर आपल्याकडे टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडव्यांनी ३५० बायकांवर करून २०१५ सालीच छापलंय. तेव्हा पुष्कळांनी नाक मुरडलं होतं, औषधं पुरेशी दिली नव्हती वगैरे. आता अमेरिकेनं म्हटल्यावर पटेल.

सकाळी सरांना फोन. "आपणही स्क्रीनवरच घेऊ. निवळायची वाट बघत बसलो तर दिवाळी येईल." सर तीन-चार सेकंद गप्प. मग म्हणाले, "चहाचं काय करायचं?" मला वाटलं थट्टा करतायत. नव्हते करत.

३ जून, बुधवार

कमिटीची पहिली ऑनलाइन मीटिंग आणि नेमकं आज निसर्ग वादळ. साडेअकराला लाइट गेले. खाली गुलमोहर आडवा झालाय, एका स्कूटरवर. मीटिंग फोनवर घेतली. पाच जण एकदम बोलत होते, त्यामुळे काय ठरलं ते कुणालाच नीटसं माहीत नाही. सप्टेंबर ठरलाय बहुतेक.

२३ ऑगस्ट, रविवार

काल गणपती बसले. यंदा ना आरतीला कोणी, ना मोदकांना. एकवीस केले, घरातल्या चौघांनी संपवले.

आज दिवसभर स्लाइड सेमिनारची जुळवाजुळव. आमच्या सभेचा जीव म्हणजे हा सेमिनार, निदान माझा तरी. अख्खी स्लाइड स्कॅन करणारं यंत्र आम्हाला परवडत नाही. लेकानं लोणच्याच्या बरणीचं झाकण मधोमध कापलं, त्याला मोबाइलचं जुनं कव्हर चिकटवलं आणि मायक्रोस्कोपच्या नळीवर बसवलं. मुरलेल्या कैरीचा वास येतो, पण चित्र हलत नाही. "आई, पेटंट घेऊन टाक."

सासूबाई दारातून बघत होत्या. "हे त्या गाठीचं चित्र?" त्यांच्या धाकट्या बहिणीला होता. मी हो म्हटलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "जांभळं असतं होय." एवढंच बोलून आत गेल्या.

१२ सप्टेंबर, शनिवार

पार पडला एकदाचा पहिला दिवस. हॉल नाही, जेवण नाही, म्हणून फी ठेवली नव्हती. नावं दरवर्षीच्या दुपटीवर गेली. पुण्यात सध्या रोज हजारावर पेशंट वाढतायत, बेडसाठी लोक रडतायत, तरी. एक वक्ता सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या मैदानावरच्या जम्बो कोविड सेंटरमधून ड्यूटी संपवून आला, नाकावर मास्कचा वळ तसाच घेऊन.

त्यानं लॉकडाउनमध्ये शस्त्रक्रिया लांबवलेल्या पेशंटबद्दल सांगितलं. ईआर पॉझिटिव्ह असलेल्यांना ऑपरेशनआधीच हार्मोनच्या गोळ्या सुरू करून वेळ मारून नेली. जगभर अनेक ठिकाणी हेच चाललंय. ट्रिपल निगेटिव्ह (दोन हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू हे प्रथिन, तिन्ही नाहीत) किंवा हर-टू पॉझिटिव्ह असेल, तर असं थांबता येत नाही. बसल्या बसल्या मला ती टॉनिकची बाटली आठवत होती. कोणाला थांबवायचं आणि कोणाला नाही, ते आम्ही लावलेल्या रंगावर ठरणार.

ई-२१०८ वर चर्चा ठेवली होती. हॉलमध्ये असतो तर सर्जन मंडळी उठून उभी राहिली असती, माइक ओढाओढ झाली असती, चहाच्या टेबलाशी दोघं अर्धा तास हमरीतुमरीवर आले असते आणि त्यातून एखादा नवा अभ्यास निघाला असता. आमचे निम्मे पेपर असेच भांडणातून निघालेत. आज काय? "व्हेरी नाइस टॉक, सर." टाळ्यांची चिन्हं. पुढचा वक्ता. सरांचा चहाचा प्रश्न आत्ता कळला मला.

रात्री अकराला एका सर्जनचा फोन आला, दुपारी जे बोलायचं होतं ते घेऊन. चाळीस मिनिटं भांडलो. बरं वाटलं.

सेमिनारमध्ये हर-टूच्या एका स्लाइडवर गोची झाली. माझ्या डोळ्याला स्पष्ट टू-प्लस, म्हणजे धड पॉझिटिव्ह नाही, धड निगेटिव्ह नाही, फिश ही जनुकाची तपासणी करायला पाठवायची केस. स्क्रीनवर पाहणाऱ्या बहुतेकांनी वन-प्लस सांगितलं, म्हणजे निगेटिव्ह, तिथंच विषय संपला. पेशीच्या कडेची ती फिकट तपकिरी रेघ नेटवरून जाता जाता पुसट होते. डबलहेड मायक्रोस्कोपवर समोरासमोर बसलो की मी नुसतं "इथं बघ" म्हणते आणि समोरच्याचा श्वास क्षणभर थांबतो, तेवढ्यावरून कळतं त्याला दिसली की नाही. आज दोनशे चौकोन आणि निम्म्यांचे कॅमेरे बंद.

१३ सप्टेंबर, रविवार

दुपारच्या सत्रात चॅटमध्ये एक ओळ आली. विचारणाऱ्याचं नाव "रेडमी". मराठीत, रोमन अक्षरांत टाइप केलेलं: मॅडम, गाठ फॉर्मलिनमध्ये कापून टाकायची की अख्खी?

सूत्रसंचालन करणाऱ्या रेसिडेंटनं ती सोडून पुढचा प्रश्न घेतला. मी माइक सुरू केला आणि म्हटलं, थांब, हा घ्यायचा आहे.

एका छोट्या हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर होत्या. डॉक्टरांना लिंक आलेली, ते कामात, म्हणून ह्या ऐकत होत्या. आवाज दबका, मागे प्रेशर कुकरच्या शिट्ट्या. "मॅडम, आमचे सर म्हणतात कापू नका, लॅबवाले ओरडतील. आणि लॅबवाले म्हणतात का नाही कापली."

मी उठले आणि स्वयंपाकघरातून वांगं आणि सुरी घेऊन आले. अख्खा स्तन काढलेला असेल, तर मागच्या बाजूनं, स्नायूंकडून, काप करतो तशा चिरा द्यायच्या, सेंटिमीटरभर अंतरानं, पण सुरी कातडीपर्यंत न्यायची नाही. सगळं एकमेकांना जोडलेलं राहिलं पाहिजे. मग चिरांत गॉज घालायचा, म्हणजे फॉर्मलिन आत शिरतं. झाकणाची छोटी बादली, मालाच्या दहापट फॉर्मलिन. स्तन वाचवून नुसती गाठ काढली असेल, तर मात्र सुरी अजिबात नको, कॅन्सर पूर्ण निघाला का ते ज्यांवरून कळतं त्या कडा बिघडतात. वर कुठलं, बाहेरचं कुठलं, ते कळायला धागे बांधायचे आणि त्याच दिवशी पाठवायचं. आणि लेबलवर दोन वेळा: काढली कधी, बुडवली कधी.

सत्र वीस मिनिटं लांबलं. एका ज्येष्ठांचा मेसेज आला, "रिसर्च मीटिंगमध्ये वांगी?" उत्तर दिलं नाही. दोन दिवसांत ईआर पॉझिटिव्ह-निगेटिव्हचे जेवढे तक्ते दाखवले, ते सगळे कुणीतरी भरलेल्या अशाच कुठल्यातरी बाटलीतून आले होते. इतकी वर्षं टिळक रोडच्या हॉलवर त्या बाटली भरणाऱ्या बाईला आम्ही बोलावलंच नव्हतं. बोलावलं असतं तरी आली नसती. सुट्टी कोण देणार, आणि एवढ्या कोटवाल्यांसमोर हात कोण वर करणार?

आणखी चार-पाच जणांनी चॅटमध्ये विचारलं, साधं फॉर्मलिन चालेल की बफर्डच, आम्लता वाढू न देणारं, हवं. बफर्डच. दहा टक्के.

वांग्याची संध्याकाळी भाजी केली.

२२ सप्टेंबर, मंगळवार

सिस्टरांच्या गावाहून पार्सल. लेबलवर निळ्या पेनानं, सुवाच्य अक्षरात: काढली ११.४०, फॉर्मलिन ११.५५. धागे बांधलेले, वर एक, बाहेर दोन. फॉर्मलिन गळ्यापर्यंत भरलेलं, बफर्ड.

बाटली मात्र टॉनिकचीच, अरुंद तोंडाची. दहा मिनिटं झटापट केली, मग टेक्निशियननं हातोडी आणली.