शनिवार पावसात, रविवार चिखलात

शनिवार, रात्री साडेदहा

शर्यत रद्द. गाडी ट्रेलरवरून खाली न उतरताच घरी आली. लेक एक शब्द न बोलता जेवली आणि खोलीत गेली. तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही, की सकाळी आंघोळ झाल्यावर देवापुढं उभं राहून मी पाऊसच मागितला होता.

तिला तेरावं चालू आहे. मिनिस्टॉक चालवते. न्यूझीलंडच्या स्पीडवेत, म्हणजे मातीच्या गोल ट्रॅकवरच्या गाड्यांच्या शर्यतीत, हा शाळकरी पोरांचा वर्ग. १३०० सीसीचं इंजिन, भोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा, पुढं काचेऐवजी जाळी. मोठ्यांच्या स्टॉककारमध्ये एकमेकांना ठोकणं हाच खेळ असतो, पोरांना मात्र त्याची मनाई. ही मनाई मला तोंडपाठ आहे. पण डझनभर पोरं ओल्या मातीवर एकदम वळणात शिरली की नियम कुणाच्या लक्षात राहतो? तेवढा वेळ मी गाडी बघत नाही, गवत बघतो.

न्यू प्लिमथहून स्ट्रॅटफर्ड चाळीसेक किलोमीटर. सगळ्या वाटेवर तारानाकीचा डोंगर सोबत असतो, २,५१८ मीटरचा. समुद्रावरून येणारे ढग त्यालाच अडतात. इकडं लोक म्हणतात, डोंगर दिसत असेल तर पाऊस येणार, दिसत नसेल तर आलाच. आज डोंगर सकाळपासून बेपत्ता होता. तरी सगळे आले. ट्रेलर, जनरेटर, लंगोटातलं बाळ, कुत्री, सगळं घेऊन. नाद खुळा म्हणतात तो हाच.

गंमत म्हणजे काल संध्याकाळी याच ट्रॅकवर टँकर फिरवून पाणी मारलं होतं. माती कोरडी पडली की धुळीचे लोट उठतात, वरचा थर घोटल्यासारखा गुळगुळीत होतो आणि टायर नुसतं घसरतं. पाणी हवंच, पण मापात. कोल्हापुरात आमच्या गल्लीतल्या तालमीत वस्ताद हौद्यातली माती मुठीत दाबून बघायचे. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू पडायचं, तरी शेवटचा निकाल मुठीचा. इथं मुठीच्या जागी टाच. चार वाजता एक म्हातारे स्वयंसेवक गमबूट घालून वळणावर गेले आणि टाच रोवून उचलली. खड्डा बघता बघता पाण्यानं भरला. त्यांनी दुसरीकडं रोवली. तोही भरला. ते काही बोलले नाहीत, पण पिटमधल्या, म्हणजे गाड्या उभ्या असतात त्या आवारातल्या, निम्म्या लोकांनी तिथंच ट्रेलरवरच्या गाड्यांचे पट्टे आवळायला घेतले.

रद्द झाल्याचं भोंग्यावर सांगेपर्यंत पाच वाजले. तोवर आम्ही ताडपत्रीखाली. शेजारचे डेअरीवाले आजोबा, ज्यांच्या शेडमध्ये ही गाडी बांधून तयार झाली, त्यांनी थालीपीठ टोमॅटो सॉसला लावून खाल्लं. दोन खाल्ली. मी मान दुसरीकडं वळवली.

सुटलो असं वाटायला हवं होतं. पण लेक हेल्मेट मांडीवर घेऊन पाऊण तास त्या ट्रॅककडं बघत बसली होती, आणि मला तिच्या शेजारी बसवेना.

रविवार, रात्री

राखीव दिवस आजचा होता. उजाडलं तर डोंगर लख्ख, गळ्यापर्यंत. म्हणजे परत येणार. तेवढ्या उघडिपीत उरकायचं ठरलं.

आधी ग्रेडरनं, म्हणजे माती खरवडून सपाट करणाऱ्या यंत्रानं, वरचा रेंदा बाहेर ढकलला. मग ज्याच्याकडं जे चाक होतं ते आत. पिटमधल्या युट (मागं उघडा हौदा असलेल्या गाड्या), टँकर, शर्यतीच्या गाड्या, सगळी वरात सावकाश गोल गोल. याला व्हील पॅकिंग म्हणतात, म्हणजे टायरांनीच माती दाबत आणि सुकवत न्यायची. आजोबांनी मलाही युट घेऊन आत पिटाळलं. स्टीअरिंग डावीकडं वळवलेलं आणि मागचा भाग भलतीकडंच निघालेला. वेग किती, तर बैलगाडीचा. तेव्हा कळलं ती कशावर चालवते ते.

तीनऐवजी दोनच हीट, म्हणजे छोट्या फेरी-शर्यती, झाल्या. पहिलीत ती गर्रकन फिरून उलट्या तोंडानं थांबली. मला गवत बघायचंही सुचलं नाही. पिवळा दिवा, पुन्हा सुरुवात, शेवटून दुसरी. दुसऱ्या हीटमध्ये सातवी. शेवटच्या दोन फेऱ्या हेल्मेटची काच पूर्ण चिखलानं माखलेली. काचेवर पारदर्शक फिल्मचे थर लावतात, टेअर-ऑफ. चिखल उडाला की एक ओढून टाकायचा. हिचे सगळे आधीच संपले होते.

“मग दिसत कसं होतं?”

“दिसत नव्हतं, बाबा. पुढच्या गाडीचा आवाज येत होता ना.”

हे तिनं चिप्स खाता खाता सांगितलं. आईसमोर बोलू नकोस, एवढंच मी म्हणालो.

संध्याकाळी अंगणात गाडी धुतली. नुसत्या मडगार्डांखालून घमेलंभर माती निघाली, काळपट, चिकट, बोटांच्या पेरांत बसणारी. बायकोनं त्यातली ओंजळभर कढीपत्त्याच्या कुंडीत टाकली. धुणं होईतो पाऊस परत सुरू झाला, पाइप बंद केला तरी चाललं.

आत येऊन टेअर-ऑफची ऑर्डर टाकली. तिनं दहा सांगितल्या होत्या. मी वीस मागवल्या.