क्योनिग्सकिंडर आणि तो पाव

हुम्परडिंक हा जर्मन संगीतकार म्हटलं की त्याचा 'हेन्झेल उंड ग्रेटेल' हा ऑपेरा, विषय संपला. मीपण इतकी वर्षं तेवढ्यावरच होतो. परवा रात्री झोप येईना म्हणून त्याचाच दुसरा ऑपेरा 'क्योनिग्सकिंडर' लावला, म्हणजे राजाची मुलं, आणि शेवटपर्यंत हेडफोन काढवला नाही.

नावावरून वाटतं बच्चेकंपनीसाठी काहीतरी गोडगोड असेल. चेटकिणीकडे जंगलात वाढलेली हंस राखणारी पोर, भटकत आलेला राजपुत्र, आणि हेलाब्रुन नावाचं गाव, तिथे ठरलंय की बाराच्या ठोक्याला वेशीतून जो आत येईल तो आपला राजा (आपल्या गोष्टीत हत्तीण माळ घालते ना, तसलंच). दार उघडतं तर ही पोर, डोक्यावर मुकुट आणि सोबत हंस! लोक हसतात, मग तिला आणि राजपुत्राला हाकलूनच देतात. केरसुणीवाल्याची छोटी मुलगी तेवढी रडते, तिला बरोबर कळलेलं असतं.

पण खरी गोष्ट पावाची आहे. पहिल्या अंकात चेटकीण पोरीकडून विषारी पाव करून घेते, आणि पोर हळूच त्यात आपलं मागणं घालते, की खाणाऱ्याला हवं ते सगळ्यात सुंदर दिसू दे. तिसऱ्या अंकात बर्फ, दोघं उपाशी, राजपुत्र मुकुट मोडून देतो आणि बदल्यात मिळतो नेमका तोच पाव. अर्धा तिला, अर्धा त्याला. विषही लागू पडतं आणि तिचं मागणंही.

1897 ला म्युनिकमध्ये हे आधी संगीतावर बोलायचं नाटक म्हणून आलं, मग पूर्ण ऑपेरा होऊन 28 डिसेंबर 1910 ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरामध्ये. गायिका जेराल्डीन फरार स्टेजवर खरे जिवंत हंस घेऊन! त्याच स्टेजवर 18 दिवस आधी पुचिनीचा नवा ऑपेरा झालेला, तरी हा जोरात चालला. नंतर मागे पडला तो पडलाच. मला विचाराल तर परीकथा म्हणून मुलांना नेता येत नाही आणि मोठे परीकथा म्हणून येत नाहीत, असा मधल्या मधे लटकला.

लिब्रेटोवर, म्हणजे ऑपेराच्या संहितेवर, नाव एर्न्स्ट रोझमर, पण लिहिणारी बाई, एल्झा बर्नस्टाइन. 1942 मध्ये नाझींनी तिला तेरेझिनश्टाटच्या छावणीत टाकलं, त्यातून ती वाचली. हे कळल्यावर हेलाब्रुनचे ते हसणारे लोक वेगळेच ऐकू यायला लागले राव.

आता परत होतोय, 2007 ला झ्यूरिखमध्ये योनास काउफमनने गायला, 2022 ला अॅमस्टरडॅमला झाला. मी मात्र काल फक्त तिसरा अंक लावला, आणि पाव येतो तिथे पॉज केलं.