आत्याचा खोकला आणि सुताची धूळ

आज आत्याला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. ती सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, दिवसभर सुताच्या धुळीत. सुट्टीला खोकला कमी, कामावर गेली की छातीत शिट्ट्या. हे ऐकताच डॉक्टरांनी फुंकर मारायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री केली. दमाच निघाला.

दमा असलेल्या कुणाला लगेच आराम देणारा पंप (इनहेलर) आठवड्यात 2 पेक्षा जास्त वेळा लागतोय, रात्री दम लागून जाग येतेय, तर तज्ज्ञाला दाखवाच. बोलताना वाक्य पुरं होईना, ओठ निळसर पडले, तर तडक दवाखाना गाठा.

आणि ‘पंपाची सवय लागते’ हे कृपया कुणाला सांगू नका! त्यातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं, थेट श्वासनलिकेत जातं. या भीतीपायी किती बायका नुसता काढा पीत बसतात.

कुणाला सोबत हवी असेल तर सांगा, मी येईन.