डोंगरीची डंगरी
खांद्यावर पट्टे आणि छातीवर खिसा असलेल्या ‘डंगरी’ला मी कित्येक वर्षे अस्सल विलायती पोशाख समजत होतो, आणि तो शब्द मुंबईच्या डोंगरी भागापर्यंत जाऊन पोहोचतो हे वाचले तेव्हा माझी मलाच गंमत वाटली. डोंगरी म्हणजे लहानसा डोंगर, टेकडी. त्या जागेच्या नावावरून तेथे विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाला डुंगरी म्हणू लागले आणि 17व्या शतकाच्या आरंभी हा शब्द इंग्रजीत शिरला. म्हणजे नाव आधी टेकडीचे, मग वस्तीचे, मग कापडाचे आणि सर्वांत शेवटी कपड्याचे. हे कापड स्वस्त आणि दणकट असल्यामुळे खलाशांच्या व कामगारांच्या अंगावर आले, शिडांसाठीही वापरले गेले.

डेनिमशी त्याची गल्लत नेहमी होते. डेनिमचे नाव फ्रान्समधील नीम शहरावरून आले असे मानतात. डेनिमची घडी उलटून पाहिली तर आतली बाजू फिकट दिसते, कारण त्यात उभा धागा निळीत रंगवलेला आणि आडवा पांढरा असतो. जुन्या पद्धतीच्या डंगरीत मात्र दोन्ही धागे विणण्याआधीच रंगवत.